डोक्याच्या बाई

बाई जुन्नरच्या बाजारपेठेत जन्मल्या, तिथंच वाढल्या, पण नाणेघाटाजवळच्या घाटघरला म्हणून कधी गेल्या नाहीत. निदान मी त्यांना ओळखायला लागल्यापासून तरी नाहीत. पावसाळा ओसरला की हॉस्पिटलमधली तरुण मंडळी गाडी काढून नाणेघाटाकडे निघायची. दरवर्षी बाईंना आग्रह व्हायचा आणि दरवर्षी त्या एकच विचारायच्या, "तिथं रेंज येते का?" रेंज नसायची. विषय संपायचा. भीमाशंकरचंही तेच. जिथं फोन लागतो आणि जिथून अर्ध्या तासात ऑपरेशन थिएटरला परत येता येतं, तेवढाच मुलूख त्यांचा. त्यात ओझर बसायचं. कधी रविवारी त्या ओझरला जायच्या, देवळात न शिरता मागे नदीच्या पायऱ्यांवर बसायच्या आणि धरणाचं थोपलेलं पाणी बघत राहायच्या. फोन मांडीवर, काच वर करून.

त्यांचं नाव डॉक्टर सुमती. आडनाव वापरायची वेळच यायची नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत त्यांना सगळे 'डोक्याच्या बाई' म्हणत. घरचं कापडाचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आलेले, पण बाईंची बोली अस्सल इथली. पुण्याहून शिकून आलेल्या डॉक्टरांशी त्या शुद्ध बोलत आणि उसाच्या फडातून आलेल्या बाईला "कुठं दुखतंय गं? कवाधरनं?" असं विचारत. मी घोडेगावच्या शेतकऱ्याच्या घरातला. मी त्यांचा भूलतज्ज्ञ. म्हणजे त्या डोकं उघडायच्या आणि तोवर पेशंटचा श्वास माझ्या हातात असायचा. अशी पुष्कळ वर्षं आम्ही हिरव्या कापडाच्या दोन बाजूंना उभे राहून काढली.

आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं, हायवेला लागून. मेंदूची शस्त्रक्रिया करणारं त्या टप्प्यात दुसरं कोणी नव्हतं. पुढे थेट पुणं, आणि पुण्याच्या वाटेवर चाकण. चाकणचा ट्रॅफिक ज्यानं ॲम्ब्युलन्समधून पाहिलाय त्याला मी वेगळं काही सांगायला नको. बाई आल्या त्या दोन वर्षांसाठी. ट्रस्टींपैकी एक जण त्यांच्या वडिलांचे मित्र होते, त्यांनी शब्द टाकला, "चांगला माणूस मिळेपर्यंत सांभाळ." नवरा पुण्यात त्वचेचा डॉक्टर, मुलगी शाळेत. दोन वर्षांनी परत जायचं ठरलेलं. चांगला माणूस मिळाला नाही. एक तरुण सर्जन आला होता, हुशार होता. एका सुगीचे अपघात बघून गेला. दुसरा मुलाखतीला आला, त्यानं क्वार्टरची बाथरूम बघितली आणि चहा न घेता निघाला.

लोक बाईंना देवी वगैरे म्हणायचे. बाईंना ते अजिबात खपायचं नाही. "देवी कशाची? अडकलेय मी इथं," त्या म्हणायच्या. हे त्या विनोदानं म्हणत नसत. दर दिवाळीला राजीनामा लिहायच्या. दर वेळी ट्रस्टी म्हणायचे, फक्त सुगी जाऊ द्या. सुगीत उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, त्यांना मागे दिवे नसतात, आणि मोटारसायकली त्यांच्यात घुसतात. सुगी जायची, मग यात्रांचा हंगाम, बैलगाडे, मग लग्नं, मग पाऊस. डोकी फुटायची थांबायची नाहीत.

त्यांची एक सवय नव्या माणसाला वेड लावायची. त्या जखम धुवायच्या. धुवायच्या म्हणजे किती? नवीन सिस्टरला वाटायचं बाई आता ऑपरेशन करायचं विसरल्या. आमच्याकडे डोकं फुटलं की माणसं हाताला येईल ते जखमेत भरून आणत. हळद, तंबाखू, तपकीर, चुलीतली राख. कवटी फुटलेली असली की ते सगळं थेट मेंदूवर. बाई एकेक कण टिपत बसायच्या. पाण्याची धार चालूच. "हाड उचलायला काय लागतं? कोणी पण उचलेल," त्या म्हणायच्या. "माणूस मरतो तो नंतर, आत राहिलेल्या मातीनं." मी घड्याळाकडे बघितलं की मान न उचलता म्हणायच्या, "दत्ता, घाई असेल तर तू ये धुवायला."

सूर्य बुडायच्या आत जेवायचं हा त्यांच्या घरचा नेम. तो त्यांनी पाळला खरा, पण अपघात नेमके दिवेलागणीला व्हायचे, त्यामुळे नेम पाळणं म्हणजे उपाशी राहणं एवढाच अर्थ उरला होता.

फावल्या वेळात त्या गावोगावच्या बचत गटांत जाऊन बायकांना दोनच गोष्टी सांगायच्या. जखमेत काही भरू नका. आणि घुसलेलं काही उपसू नका. एवढंच सांगून चहा घ्यायच्या नि परत यायच्या. मला वाटायचं, कोण लक्षात ठेवणार?

एक दिवस नारायणगावच्या बाजूनं एक पिकअप आली. एक माणूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून टोमॅटोच्या बागेत पडला होता आणि झाडाला आधार द्यायला रोवलेला बांबू त्याच्या कपाळात, भुवईच्या वर घुसला होता. माणूस शुद्धीवर. बांबू तसाच. त्याच्या भावजयीनं सगळ्यांना शिव्या घालून बांबूला हात लावू दिला नव्हता. पण बांबू लांब, माणूस गाडीत मावेना. मग दोघांनी घट्ट धरला आणि तिसऱ्यानं करवतीनं बाहेरचा भाग कापला.

"करवतीनं?" बाई ओरडल्या. "हलला असता म्हंजी?"

"न्हाई हलू दिला," भावजय म्हणाली. तिच्या तळहाताला फोड आले होते. "तुमीच म्हनला व्हता, उपसायचं न्हाई. कापायचं न्हाई असं कुठं म्हनला व्हता?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि हसल्या. ऑपरेशन टेबलाकडे जाताना बाईंना हसताना मी तेव्हाच पाहिलं. तो माणूस वाचला. पुढे कित्येक वर्षं त्याच्या घरून टोमॅटोचे क्रेट येत राहिले आणि अख्खं हॉस्पिटल सार पिऊन कंटाळलं.

बिबट्यांचं इथं कोणाला नवल नाही. उसातच जन्मतात, उसातच वाढतात. पण लहान मूल असलं की गावाचा तोल सुटतो. पाच-सहा वर्षांची एक मुलगी होती. गोठ्याजवळून उचलली, आजीनं फावडं घेऊन धाव घेतली तेव्हा टाकली. कवटीत दाताची भोकं, कातडी मागे लोंबत होती. तिला घेऊन आला तो वनखात्याचा एक रक्षक, स्वतःच्या मोटारसायकलवर, आजीला मागं बसवून. आणि त्याच्या मागोमाग अर्धं गाव. पिंजरा मागून महिना झाला होता, लावला नव्हता, असं लोकांचं म्हणणं. समोर सापडला तो खाकीतला हा एकच माणूस. तो आमच्या औषधांच्या खोलीत शिरला आणि त्यानं आतून कडी लावून घेतली.

आम्ही मुलीला टेबलावर घेतलं. बाईंनी धुवायला सुरुवात केली. बाहेर आरडाओरडा, मग पहिली काच फुटली. मग दुसरी. थिएटरला दार एकच, ते त्या गर्दीत उघडणारं. आम्हाला बाहेर पडता येत नव्हतं, रक्षकाला येत नव्हतं, मुलीला तर भूल दिलेली. तेवढ्यात लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला. त्याची घरघर ऐकून बाईंचा हात क्षणभर थांबला. सिस्टरला म्हणाल्या, "बाहेर जा आणि सांग, आत पोरीचं डोकं उघडं आहे. दगड मारायचे तर मारा. पण मागं जनरेटर आहे. त्याला एक लागला तर आत अंधार हुईल. एवढंच सांग. दुसरं काय बोलू नको."

सिस्टर गेली. दगड थांबले. थोड्या वेळानं ती परत आली नि म्हणाली, "मॅडम, ते सगळे जनरेटरभोवती उभे राहिलेत. कोणाला जवळ येऊ देत नाहीत. आपल्या वॉचमनला पण नाही."

मुलगी वाचली. दाताची जखम म्हणून बाईंनी तिला बरेच दिवस ठेवून घेतलं. रक्षकाला मात्र दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गाडीतून जावं लागलं. जाताना तो मुलीला बघायला वॉर्डात आला, तर आजीनं तोंड फिरवलं. बाई त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

आता सुनंदाबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत.

सुनंदाचा नवरा बाळू मोटारसायकलवरून उसाच्या ट्रॉलीवर आदळला. हेल्मेट नव्हतं. आणला तेव्हा जखमेतून मेंदू दिसत होता. बाईंनी स्कॅनचे फोटो बघितले, डोळ्यांत बॅटरी मारली नि म्हणाल्या, "घेऊ या." दिवसभर चाललं. हाडाचे तुकडे काढले, मेंदूचं आवरण मांडीच्या स्नायूवरच्या पडद्याचा तुकडा लावून शिवलं. असं नेटकं काम मी पुन्हा पाहिलं नाही. बाळू जगला. डोळे उघडले. पण ते डोळे कशावर थांबेनात. बायको ओळखू येईना, पोर ओळखू येईना. घशात नळी, नाकात नळी. असा तो घरी गेला.

दर महिन्याला सुनंदा त्याला पिकअपमध्ये गादीवर घालून नळी बदलायला आणायची. त्याचे केस विंचरलेले, दाढी केलेली, पाठीवर एक व्रण नाही. वॉर्डातल्या सिस्टर नव्या पोरींना दाखवायच्या, बघा, पेशंट असा ठेवायचा. नळी बदलायचं काम कोणीही केलं असतं, पण बाई स्वतः करायच्या. कितीही गर्दी असो.

एकदा मी तिथंच होतो. नळी बदलून झाली, बाई हात धूत होत्या. सुनंदा म्हणाली, "बाई, यक इचारू? रागवायचं नाय."

"विचार."

"त्या दिशी तुमी याला टेबलावर घेतलाच नसता तर?"

बाईंनी नळ बंद केला. "तर त्या दिवशीच गेला असता."

"मंग का घेतला?"

मला वाटलं बाई आता डॉक्टरांचं ठरावीक उत्तर देतील. त्यांनी टॉवेल घेतला, हात पुसले, पुसतच राहिल्या. "मला वाटलं होतं, तो बोलेल. चालेल. वय कमी होतं. माझा अंदाज चुकला, सुनंदा."

"तुमचा अंदाज चुकला," सुनंदानं शब्द सावकाश उच्चारले. तिच्या आवाजात राग नव्हता. "आन मला म्हायेराला जाऊन चार वरसं झाली. भावाचं लगीन झालं, म्या नव्हते. याला सोडून कुठं जाऊ? सासू म्हनती, नवरा जिता हाये, कुकू लाव. लावते."

"मलाही कुठं जाता येत नाही गं," बाई म्हणाल्या.

सुनंदानं त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुमाला येतंय बाई. तुमी जात नाय. ते येगळं."

एवढं बोलून तिनं बाळूच्या तोंडाची लाळ पदरानं टिपली आणि पिकअपवाल्याला हाक मारली.

बाई त्या दिवशी ओपीडीत बसल्या, पेशंट तपासले, पण मधेच पेन खाली ठेवून मला म्हणाल्या, "दत्ता, ती खरं बोलली का रे?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पुढच्या महिन्यात सुनंदा आली तेव्हा बाईंनी बाळूला दाखल करून घेतलं. कारण काही नव्हतं. कागदावर छातीत कफ असं लिहिलं. सुनंदाला म्हणाल्या, "जा माहेरी. तुमच्या गावची यात्रा आहे ना? यात्रा करून ये." सुनंदाला पटेना. दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आली, नळीतून कसं भरवायचं ते सिस्टरांनाच शिकवून गेली.

ती ठरल्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद. वॉर्डात कुजबुज सुरू झाली. ट्रस्टच्या मॅनेजरनं बाईंना सुनावलं, "मॅडम, ही बाई टाकून गेली. आता हा आपल्या गळ्यात."

"गेली असेल तर गेली," बाई म्हणाल्या. "मी तिला काही बोलणार नाही आणि तुम्हीही बोलायचं नाही."

त्या आठवड्यात बाई स्वतः बाळूला कुशीवर वळवायच्या. सिस्टर असतानाही. मग एका सकाळी सुनंदा आली. हातात नव्या हिरव्या बांगड्या, चेहरा उन्हानं रापलेला. "फोन बंदच ठिवला व्हता," तिनं स्वतःच सांगितलं. "म्हनलं, वाजलाच न्हाई तर कसं वाटतंय बघावं." आणि ती बाळूच्या उशाशी बसून त्याची नखं बघायला लागली. त्यानंतर बाळूला वर्षातून एकदा 'कफ' व्हायला लागला. बाळू गेला तो झोपेतच, बऱ्याच वर्षांनी. सुनंदा आता माहेरीच असते, तिचा मुलगा मंचरला नोकरीला आहे. हे मला तिनंच सांगितलं.

बाईंची सुटका झाली ती त्यांच्या इच्छेनं नाही. सगळं आयुष्य मान खाली घालून उभं राहिल्यामुळे मानेचे मणके झिजले. उजव्या हाताची दोन बोटं बधिर व्हायला लागली. त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. एकदा एका बैलगाडा शर्यतीतला पेशंट टेबलावर होता, बैलाचा खूर लागून कवटी आत दबलेली. काम जवळजवळ संपलं होतं आणि बाईंच्या हातातला चिमटा खाली पडला. सिस्टरनं दुसरा दिला. तोही पडला. बाईंनी आपल्या बोटांकडे बघितलं. मग डावा हात पुढे केला आणि डाव्या हातानं, अगदी संथपणे, कातडी शिवून पुरी केली. मास्क काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजपासून मी डोकं उघडणार नाही."

तो पेशंट ठणठणीत बरा झाला. पण बाई शब्दाला पक्क्या. ट्रस्टी येऊन बसले, सल्ला द्यायला तरी थांबा म्हणाले. बाई म्हणाल्या, "मी इथं दिसत राहिले तर लोक येत राहतील, आणि तुम्ही दुसरा माणूस शोधणार नाही." नवरा गाडी घेऊन आला. सामान फार नव्हतंच. गाडीच्या मागच्या सीटवर पुस्तकं, एक तुळशीची कुंडी, दोन पिशव्या. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. उन्हाळ्यातली सकाळ होती. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोही डावा, आणि गाडीत बसल्या.

त्याच सकाळी आमच्याकडे पेशंट आला. यात योगायोग काही नाही. पेशंट रोजच यायचे. आंबेगाव तालुक्यातला एक शेतकरी कांदा साठवायच्या चाळीवर पत्रे बसवताना खाली पडला, लोखंडी अँगल डोक्यात लागला. जखम उघडी, कवटी आत गेलेली. सोबत बायको नि भाऊ. भाऊ विचारत होता, "डोक्याच्या बाई कुठंयत?" मी श्वासाची नळी घातली, जखम धुतली, ओलं कापड ठेवून बांधली, इंजेक्शनं दिली आणि ॲम्ब्युलन्समधून पुण्याला निघालो. हातानं फुगा दाबत, श्वास देत. पुढच्या सीटवर बायको, माझ्याजवळ भाऊ.

चाकणला अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला कंटेनर. सायरन वाजत होता आणि कोणाला बाजूला व्हायला जागाच नव्हती. ऊन वर येत होतं. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात आपटत होता. एवढ्यात मागचं दार कोणीतरी ठोकलं. उघडलं तर खाली बाई उभ्या. साडीचा पदर खोचलेला, घामानं निथळत. त्यांची गाडी पुढं त्याच गर्दीत कुठंतरी अडकली होती. सायरन आमचाच, हे त्यांनी ओळखलं होतं.

"काय आहे?" त्या चढताचढता म्हणाल्या.

मी सांगितलं. त्यांनी डोळे बघितले, पट्टीखालून एक नजर टाकली. "धुतलंस?"

"धुतलं."

"बरं."

करण्यासारखं आणखी काही नव्हतंच. ते त्यांनाही कळत होतं, मलाही. माझ्या शेजारी स्ट्रेचरलगतच्या बाकावर त्या बसल्या आणि पेशंटचं डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी तळहात लावून धरलं. गाडी दोन फूट सरकायची, थांबायची. त्यांचा नवरा फोन करत होता, फोन पर्समध्ये वाजत होता. त्यांनी घेतला नाही. भावानं मला हळूच विचारलं, "या कोन?" मी सांगितलं. त्यानं हात जोडले. बाईंनी मान हलवली, "हात मोकळे नाहीत माझे."

तो शेतकरी वाचला, हे सांगून टाकतो. बोलताना अजून थोडा अडखळतो, पण चाळ त्यानंच पुरी केली. हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

पुण्यात पोचलो. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर उतरवलं, तिथली माणसं धावत आली, मी कागद घेऊन सोबत आत शिरलो. बाईही चालत होत्या. काचेच्या दाराशी सिक्युरिटीवाल्यानं हात आडवा केला. "नातेवाईकांनी बाहेर थांबायचं."

मला वाटलं, बाई सांगतील. मी सांगायला तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली आणि त्या बाहेर थांबल्या.

मी आत सगळी माहिती देऊन बाहेर आलो तेव्हा त्या बाकावर बसल्या होत्या. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला भाऊ, मधे बाई. साडीवर रक्ताचे डाग. आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, सिक्युरिटीवाले त्याला गाडी दारातून काढायला सांगत होते. तेवढ्यात आतून एक तरुण सर्जन आला. तिशीचाही नसेल. त्यानं पेशंटचं नाव पुकारलं आणि तिघंही एकदम उठली.

तो समजावून सांगत होता. हाड आत गेलंय, आवरण फाटलंय, ऑपरेशन लगेच करावं लागेल, धोका आहे. बायकोला काही कळत नव्हतं. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती. बाई एकेक शब्द ऐकत होत्या, मान हलवत होत्या, जणू हे सगळं पहिल्यांदाच कानावर पडतंय. त्याचं बोलणं संपलं. तो वळला. तेव्हा बाई एक पाऊल पुढं झाल्या.

"वाचेल ना?" त्यांनी विचारलं.

सर्जन थांबला. त्यानं त्या साठीच्या बाईकडे, तिच्या डागाळलेल्या साडीकडे बघितलं.

"आत्ताच काही सांगता येत नाही, आजी," तो मऊपणे म्हणाला. "तुम्ही बसून घ्या."

बाईंनी मान डोलावली, पेशंटच्या बायकोचा हात धरला आणि तिला घेऊन बाकावर बसल्या.